झेपेल का?

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी आपल्या देशात अर्ज करणे म्हणजे नेमके काय करणे, हे परदेशस्थ मित्रांना समजावून सांगणे अवघड जाते. अमेरिकेत अस्थिव्यंगोपचाराची, म्हणजे ऑर्थोपेडिक्सची, जागा हवी असलेला विद्यार्थी शिफारसपत्रे मिळवतो, स्वतःविषयी निबंध लिहितो आणि मुलाखती देतो. पुढे तो रुग्णालयांचा आणि रुग्णालये उमेदवारांची पसंतीक्रम लावतात. १९५२ पासून चालत आलेली ‘मॅच’ ही व्यवस्था या दोन याद्यांची सोयरीक जुळवते. अशा जुळवणीचा सिद्धांत आणि तिची रचना यांसाठी लॉइड शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपल्याकडे पसंती एकाच बाजूची. ‘नीट-पीजी’चे २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक वजा. त्यातून जो क्रमांक लागेल तोच तुमचा अर्ज. विषय आणि महाविद्यालये यांचा पसंतीक्रम संगणकावर भरायचा; यंत्र क्रमांकानुसार जागा वाटत जाते. ‘तुम्हांला हाडेच का हवीत?’ असे कुणीही विचारत नाही.

कुणीही, म्हणजे अधिकृतपणे कुणीही. आमच्या भाचीने २०२४ साली ही परीक्षा दिली तेव्हा आमच्या ध्यानात आले की मुलाखत आपल्याकडेही होते. ती भाईंदर पश्चिमेच्या दोन खोल्यांत, चहाबरोबर होते.

त्या वर्षी २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि अखेर ११ ऑगस्टला झाली. मधले सात आठवडे भाचीने अभ्यासिकेत काढले. निकाल बरा लागला. क्रमांक असा की क्ष-किरणशास्त्र हाताशी नव्हते, स्त्रीरोग सहज मिळाले असते आणि हाडांचा विभाग काठावर होता. तिने ऑर्थोपेडिक्स सर्वांत वर लिहिले आणि घरात मंडळ बसले.

शेजारचे काका म्हणाले, “अगं, ते सुतारकाम. हातोडी, छिन्नी, ड्रिल. मुलीच्या जातीला झेपेल का?” आमच्या भगिनीची शंका निराळी होती : तीन वर्षे रात्रीअपरात्री रुग्णालयात, मग लग्नाचे कधी पाहायचे? भावजी काही बोलले नाहीत. त्यांनी स्त्रीरोग विभागाच्या जागांची यादी तेवढी पुन्हा काढून दिली. भाची एवढेच म्हणाली, “मामा, पेपरात यातला एकही प्रश्न नव्हता.”

त्या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. एका संख्येत माणूस मावत नाही, ही या परीक्षेविरुद्धची तक्रार आम्हीही वेळोवेळी केली आहे आणि ती खरी आहे. पण संख्येला काही गोष्टी दिसत नाहीत, हा तिचा गुणही आहे. उमेदवार मुलगी आहे, तिच्या घरात दुसरे कुणी डॉक्टर नाही, शिफारसपत्र द्यायला ओळखीचे कुणी नाही, हे तिला ठाऊक नसते. काकांसारखेच कुणी मुलाखतीच्या टेबलामागे बसले असते, तर भाची तिथेच अडली असती.

राहिला ताकदीचा प्रश्न. हाड बसवणे हे निव्वळ बळाचे काम असते तर वैद्यकाऐवजी तालमीत शिकवले गेले असते. सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सेत आञ्छन, पीडन, संक्षेप आणि बंधन हे उपाय सांगितले आहेत : ओढणे, दाबणे, जुळवणे, बांधणे. मांडीचे वा पोटरीचे हाड मोडले तर रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने स्थिर ठेवणारे कपाटशयनही तिथेच आहे. तात्पर्य, जोर खुंटीचा, जाण वैद्याची. आज त्याला भूल आणि स्नायूंचे शैथिल्य यांची जोड आहे. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांचे उदाहरण तर आपल्या देशातले. १९५४ च्या अपघातानंतर त्यांच्या शरीराचा खालचा भाग लुळा पडला. तरीही चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. ‘झेपेल का’ हे त्यांना किती जणांनी विचारले असेल!

आमच्या घरच्या मुलाखतीत नीट प्रश्न एकीनेच विचारला. आमच्या मातोश्रींचा खुबा पूर्वी मोडला होता आणि शस्त्रक्रियेनंतर त्या काठी घेऊन चालू लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुला त्यात आवडतं काय, ते सांग.” भाचीने इंटर्नशिपमध्ये लोकलमधून पडलेली माणसे पाहिली होती. ती म्हणाली, “आजी, येतात तेव्हा आडवी असतात. बरीचशी चालत घरी जातात.” मातोश्रींनी यादीतला पहिला क्रमांक तसाच ठेवायला सांगितला आणि विषय संपला.

जागा मिळाली. आता तिचा मुक्काम रुग्णालयाच्या वसतिगृहात असतो. भाईंदरला ती क्वचित येते, आणि आली की झोपते. दिवस आणि रात्र जोडून काम केल्याचे ती सहज सांगते, जणू पावसाविषयी बोलावे. केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या निवासी डॉक्टरांसंबंधीच्या निर्देशानुसार सलग काम बारा तासांहून अधिक आणि आठवड्याचे काम सर्वसाधारणपणे ४८ तासांहून अधिक असू नये. तो कागद भाचीहून वयाने मोठा आहे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की काकांचा प्रश्न मुळात वाईट नव्हता. तो चुकीच्या व्यक्तीला विचारला गेला. छत्तीस तास जागा असलेला डॉक्टर, मग तो मुलगा असो वा मुलगी, कुणाच्या मांडीच्या हाडात खिळा बसवत असेल तर ते त्या रुग्णाला झेपेल का? हे विचारायला काकांनी चहाला नव्हे, मंत्रालयात जायला हवे. ते निघाले तर सोबत यायला आम्ही तयार आहोत.