21 गोल, आणि आपल्याला पत्ताच नाही!

युसिफ याकुबू हे नाव तुम्ही ऐकलंय का? नसेल ऐकलं, तर हातातलं काम जरा बाजूला ठेवा. ऐकलं असेल तर माझा तुमच्यावर राग आहे. इतकी वर्षं गप्प का बसलात?

घानाचा माणूस, फुटबॉलमधला स्ट्रायकर. 2001-02 च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून त्याने 18 गोल केले, देशात सर्वाधिक. पुढच्याच हंगामात, 2002-03 मध्ये, त्याच क्लबकडून 21. पुन्हा देशात सर्वाधिक! आता हिशेब बघा. लीगमध्ये संघ बारा, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे एका संघाच्या वाट्याला सामने 22. आणि गोल 21! ही ओळ मी वाचली, मोबाइल खाली ठेवला, परत उचलला आणि परत वाचली. छापताना आकडा चुकला असेल म्हणून दुसरीकडे पाहिलं. तिथेही 21.

या माणसापर्यंत मला नेलं ते आमच्या पोरांच्या भांडणाने. मी जव्हारला शिकवतो. पाऊस कोसळत असला की मैदानावर जाता येत नाही, मग वर्गात गप्पा रंगतात. कुणीतरी मोबाइलवर 2010 च्या विश्वचषकातली ती क्लिप दाखवली. घाना विरुद्ध उरुग्वे, सुआरेझने गोलरेषेवर हाताने अडवलेला चेंडू, शेवटच्या क्षणी मिळालेली पेनल्टी आणि असामोआ ग्यानचा क्रॉसबारवर आदळलेला फटका. अर्धा वर्ग हळहळला, उरलेला अर्धा सुआरेझच्या बाजूने उभा राहिला (या वयात असंच असतं). मी सहज म्हणालो, "हा ग्यान भारतातही खेळून गेलाय रे." कुणाचाच विश्वास बसेना. मास्तरवर अविश्वास म्हणजे काय! पुरावा शोधायला बसलो आणि पार वाहवत गेलो.

ग्यानचा प्रवास बघूनच दम लागतो. घानातून इटलीत उदिनेसे आणि मोदेना, तिथून फ्रान्समध्ये रेन, इंग्लंडमध्ये संडरलँड, मग अमिरातीत अल ऐन, चीनमध्ये शांघाय, पुन्हा अमिरातीत, आता दुबईला, मग तुर्कस्तानात कायसेरीस्पोर, आणि 2019 मध्ये थेट गुवाहाटी! नॉर्थईस्ट युनायटेडसाठी त्याने चार गोल केले आणि परतला. विश्वचषकात सहा गोल, आफ्रिकेच्या कुठल्याही खेळाडूपेक्षा जास्त. मोठा माणूस, वादच नाही. पोरांना पुरावा मिळाला, विषय संपायला हवा होता. पण मग भारतात खेळलेल्या घानाच्या बाकीच्यांची नावं चाळताना लीगच्या सर्वाधिक गोलवाल्यांचा तक्ता उघडला, आणि लागोपाठच्या दोन ओळींत एकच नाव. खरं सांगतो, त्यानंतर ग्यानमध्ये माझं मन रमलंच नाही. तो आला आणि गेला. याकुबू राहिला! दहाएक वर्षं आपल्याच आसपास राहिला.

आता त्या 21 गोलांचा काळ आठवा. 2002-03 चा हंगाम. म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या क्रिकेट विश्वचषकाचा. सचिनच्या 673 धावा, सेंच्युरियनला शोएबला मारलेला तो अपर कट, 23 मार्चची ती अंतिम सामन्याची काळी रात्र. मला सगळं पाठ आहे. सबंध देश आफ्रिकेतल्या मैदानांवर डोळे लावून बसला होता, आणि त्याच हंगामात आफ्रिकेतला एक माणूस आपल्या मैदानांवर गोलांचा सडा घालत होता. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात ते कुठल्या कोपऱ्यात छापलं असेल? छापलं असेल का?

आणि आधीच्या हंगामाचा शेवट तर ऐकाच. 18 गोलांचा याकुबू, चर्चिल ब्रदर्सचा संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर, शेवटचा सामना मडगावात घरच्या मैदानावर, समोर मोहन बागान. ती लढत बागानने 1-0 अशी जिंकली आणि लीगही नेली! वर्षभर गोल करा आणि शेवटच्या दुपारी एक गोल नाही म्हणून दुसरे ठरा. मी हे वाचून घरात येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, "अहो, वीस वर्षं झाली त्याला." झाली असतील. मला तर आत्ताच कळलंय ना!

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. याकुबू गोव्याहून मुंबईला आला. कुठल्या क्लबात? महिंद्र युनायटेड! महिंद्र म्हटलं की आमच्याकडे एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते, जीप. जव्हार-मोखाडा-खोडाळा रस्त्याला वीसेक माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर तांदळाची पोती घेऊन घाट चढणारी जीप. बॉनेटवरचं ते नाव मी अक्षरं लावायला शिकलो तेव्हापासून वाचतोय. त्या कंपनीचा 1962 पासून फुटबॉलचा संघ होता, हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही. आणि नुसता संघ नव्हे, 2005-06 मध्ये महिंद्र युनायटेड राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. तोवर मुंबईच्या एकाही क्लबाने ती लीग जिंकली नव्हती. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, संघात मुंबईचा स्टीव्हन डायस, पुढच्या फळीत ब्राझीलचा बरेतो आणि घानाचा याकुबू. त्याच हंगामात फेडरेशन कपही त्यांनीच उचलला.

घरचं मैदान कूपरेज. मंत्रालयाच्या जवळ. जव्हारहून तिथवर साधारण दीडशे किलोमीटर. आमचे लोक जातीच्या दाखल्यासाठी, वनजमिनीच्या दाव्यासाठी, मोर्च्यासाठी मंत्रालयापर्यंत कितीदा गेलेत! आणि तिथून हाकेच्या अंतरावर भारताचा विजेता संघ खेळत होता. तेव्हा पालघर जिल्हा झालाही नव्हता, तो झाला 1 ऑगस्ट 2014 ला. आम्ही ठाणे जिल्ह्यातले, म्हणजे मुंबईचे जवळजवळ शेजारीच म्हणायचे. शेजाऱ्याला काय पत्ता!

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी वर्गात ओतलं. नकाशावर घाना दाखवला, गोवा दाखवला, मुंबई दाखवली. मागच्या बाकावरचा मोखाड्याकडचा एक मुलगा, जो एरवी हजेरीशिवाय तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "सर, म्हणजे तोपन जगायलाच आला ना?" त्याचे आईबाप दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि होळीला परततात. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग घरी कधी जायचा?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी फक्त परदेशी खेळाडूचं गणित सांगितलं. करार बहुतेक हंगामाचा. क्लबाला परदेशी मोजकेच घेता येतात, म्हणून गोल करायची सगळी भिस्त त्यांच्यावर. गोल झाले तर पुढच्या वर्षी बोलावणं, नाही झाले तर विमानाचं तिकीट. "मुकादमासारखंच की," मागून कुणीतरी बोललं आणि सगळे हसले. मीही हसलो.

अशा धंद्यात हा माणूस दहा-बारा वर्षं टिकला! मुंबईनंतर कोलकाता. ईस्ट बंगालची लाल-सोनेरी जर्सी, सॉल्ट लेकचं अवाढव्य स्टेडियम, एक गोल हुकला तर चहाच्या टपरीपासून ट्रामपर्यंत शिव्या घालणारं शहर. कूपरेजच्या आटोपशीर गॅलरीतून तिथे जाऊन उभं राहायचं म्हणजे छाती हवी. आणि मग परत मुंबई, या वेळी मुंबई एफसी. प्रशिक्षक खालिद जमील, जो स्वतः महिंद्रमध्ये खेळलेला आणि 2025 मध्ये भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला तोच. गंमत अशी की तेव्हा कूपरेज दुरुस्तीला काढलेलं, त्यामुळे 'मुंबई' आपले घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळायची! चर्चिलमधल्या त्या 18 गोलांना दहा वर्षं उलटून गेलेली, बचावफळीतली पोरं वयाने कितीतरी लहान, आणि याकुबू अजून गोलपुढ्यात उभाच.

मग त्याचं नाव कुणाच्या ओठावर का नाही? मला वाटतं कारण साधं आहे. आठवण ठेवायची कुणी? महिंद्रने 2010 मध्ये संघच बंद केला. मुंबई एफसी 2017 मध्ये गुंडाळली. राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली, मग इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल आली, झगमगाट आला, आणि जणू भारतात फुटबॉल 2014 मध्येच सुरू झाला असं सगळे बोलू लागले. कोलकात्यात निदान म्हातारे तरी भांडत बसतात, कोण मोठा म्हणून. महिंद्रच्या बाजूने भांडायला कोण उरलंय? मी उरलोय! उशिरा आलोय, पण भांडणार.

पाऊस उघडला तसे आम्ही मैदानावर गेलो. मैदान म्हणजे लाल चिखल, मधे दोन डबकी आणि एका बाजूला उतार. चेंडू डबक्यात पडला की तिथेच रुततो आणि सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडतात. चिखल, पाय, आरडाओरडा, पण चेंडू काही निघत नाही. आठवीतली एक मुलगी मात्र त्या गर्दीत गेली नाही. डबक्यापासून चार पावलांवर, उताराच्या बाजूला अनवाणी उभी राहिली. चेंडू कुणाच्या तरी नडगीवर आपटून सुटला, अर्थात उताराकडेच, आणि तिने थांबवायच्या भानगडीत न पडता तसाच मारला. दोन दप्तरांमधून पार! स्ट्रायकर पळतो कमी आणि उभा राहतो बरोबर जागी, हे मी पुस्तकात वाचून सांगत होतो. तिला ते कुणी सांगितलं? पोरांनी लगेच तिचं नाव याकुबू ठेवलं. ती आधी रुसली. मग 21 गोल म्हटल्यावर खूश झाली आणि आता हजेरीलाही तेच नाव घ्या म्हणते.

माझं मात्र अजून सुरूच आहे. रात्री रेंज आली की मी जुन्या सामन्यांच्या बातम्या उकरतो. आणि काल त्याच तक्त्यात थोडं वर सरकलो तर काय! 1998-99 चा हंगाम, सर्वाधिक गोल 11, क्लब पुन्हा चर्चिल ब्रदर्स, देश पुन्हा घाना, नाव फिलिप मेन्सा. याकुबूच्या आधीचा! या मेन्साला तर मी अजून हातही लावलेला नाही.