किंचित चढा पंचम

जुना अँप्लिफायर विकत घेणाऱ्याची कसोटी पहिल्याच संध्याकाळी लागते. त्याने तो लावून बघायचा नसतो. विकणाऱ्याने ‘चालू कंडिशन’ अशी ग्वाही दिलेली असते, एलपी पुसून तयार असते, हात शिवशिवत असतात, तरीही नाही. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तीस-चाळीस वर्षांत सुकलेले असू शकतात, आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या सेटला एकदम २३० व्होल्ट दिले तर त्यातला एखादा धूर सोडून मोकळा होतो. नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो.

म्हणून मेकॅनिक लोक सिरीज बल्ब बाळगतात. फळीवर एक होल्डर, त्यात जुन्या पद्धतीचा तारेचा १०० वॉटचा बल्ब, आणि सेटला जाणारी वीज त्या बल्बातून. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. एलईडीचा इथे उपयोग नाही, त्यामुळे हल्ली जुन्या सेटपेक्षा जुना बल्ब शोधायलाच जास्त पायपीट होते.

सेट मिळतात पुष्कळ. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईला चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स अशी नावं धुळीखाली दिसतात. कोकणात आखातातून आलेले जपानी डेक अजून कपाटांवर आहेत. मी आधी स्क्रूंची डोकी बघतो. खाचा झिजलेल्या असतील तर आत बरेच हात फिरून गेले आहेत. बंद पडलेला पण कुणी न उघडलेला सेट हा चालू पण चारदा उघडलेल्या सेटपेक्षा बरा, असं माझं ठाम मत आहे. स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुकटी झाला तरी घाबरू नये, नवी कड चिकटवता येते. कोन फाटला असेल तर मात्र भाव पाडून मागावा.

माझा पहिला अँप्लिफायर सिरीज बल्बाच्या परीक्षेत पास झाला आणि गुणगुणू लागला. नवशिक्याची खरी शिकवणी या गुणगुणीपाशी सुरू होते, कारण सगळ्या गुणगुणी एक नसतात. आवाजाचं बटण शून्यावर आणूनही ती तशीच राहिली तर संशय पॉवर सप्लायवर. बटणाबरोबर वाढली तर दोष आधीच्या टप्प्यावर, बहुतेकदा टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार सुटलेली असते. आपली वीज ५० हर्ट्झची. कपॅसिटर दमले की रेक्टिफायरमागून त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झ झिरपतात. मी पेटी काढून तो सूर शोधला. खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जरा वर. गायकाचा षड्ज पांढरी एक असेल तर वीज त्याच्यामागे मंद्र पंचम धरून बसते, आणि तोही किंचित चढा! शुद्ध बेसूर परवडला असता.

नवा कपॅसिटर घ्यायला गेलो तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या काउंटरवर मी रुबाबात म्हणालो, “काका, चार हजार सातशे एमएफडी द्या.”

“व्होल्ट?”

“पन्नास.”

“उंची किती? बसायला पाहिजे ना.”

नंतर पट्टी घेऊन माप काढलं. क्षमता मूळची, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, कमी कधीच नाही. आणि प्लग काढला तरी जुन्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, तो आधी रेझिस्टर लावून उतरवायचा आणि मीटरने खात्री करायची. डाग देणं दहा मिनिटांचं काम. पंचम गेला.

टर्नटेबलचं दुखणं निराळं. अमेरिकेहून परतलेल्या एका नातेवाइकांनी त्यांचा दिला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर होताच, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिथली वीज ६० हर्ट्झची आणि मोटर सिंक्रोनस, तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायची तबकडी इथे २८ च्याही आत राहते. काळी एकमध्ये गाणाऱ्या बाई थेट मंद्रातल्या काळी पाचमध्ये उतरतात आणि द्रुत बंदिश मध्यलयीत येते. गंमत अशी की ऐकायला ते वाईट लागत नाही, फक्त त्या बाई राहत नाहीत. उपाय साधा: मोटरच्या दांड्यावरची पुली पाचव्या हिश्श्याने जाड हवी. काही जपानी टर्नटेबलांसोबत दोन्ही पुल्या मिळत, कारण टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०.

आता सगळं जागेवर आहे, आणि ऐकणं बिघडलं आहे. पूर्वी मी आलापी ऐकायचो. आता आलापीच्या मागे काय चाललंय ते ऐकतो. हा छंद कानाला हिशेबनीस करून टाकतो, आणि कुणी नवा यात पडत असेल तर मी त्याला कपॅसिटरच्या आधी हे सांगेन. परवा एक मित्र आला, डोळे मिटून अख्खी बाजू ऐकली, म्हणाला, “काय आवाज आहे रे!” मी विचारलं, “डावीकडची खरखर जाणवली का? पॉटमध्ये कचरा आहे.” त्याला जाणवली नव्हती. दुसऱ्या बाजूला मात्र त्याला खरखरीशिवाय काही ऐकूच आलं नाही. तेव्हापासून पाहुण्यांना हा प्रश्न विचारायला मला घरात मनाई आहे.