हयातीचा दाखला

उर्दूत नोकरीतून निवृत्त होण्याला 'सुबुकदोश होना' म्हणतात. सुबुक म्हणजे हलका आणि दोश म्हणजे खांदा. ओझं उतरलं, खांदे हलके झाले, असा त्याचा अर्थ. मराठीतली 'निवृत्ती' थोडी वेगळी आहे, तिच्यात पाठ फिरवून मागं येणं आहे. दोन्ही शब्द चांगलेच आहेत, पण ते पगारी नोकरी करणाऱ्या पुरुषांनी आपल्यापुरते केलेले असावेत असं मला वाटतं. सोलापुरात आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईला विचारा, "खाला, तुम्ही सुबुकदोश कधी झालात?" ती सूप मांडीवरून खाली न ठेवताच हसेल.

माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून २०११ साली, नियमाप्रमाणे वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता वेळेवर कुठं पोहोचायचं नाही, त्याला घड्याळ का देतात हे मला कधी कळलेलं नाही. बोलायला उठलेला प्रत्येक जण म्हणाला, "आता आराम करा." उपदानाच्या रकमेतून अब्बा-अम्मीची हज झाली, गच्चीचं गळणं थांबलं. आणि मग सकाळी दहा वाजता करायला काही उरलं नाही. चाळीस मुलांना गप्प बसवणारा माणूस घरातल्या पंख्याला, गॅसच्या बटणाला आणि नातवंडांच्या अक्षराला शिस्त लावू लागला. अम्मी म्हणायची, "शाळा सुटली, पण मास्तर सुटला नाही."

आपल्या समाजात बुजुर्गांची इज्जत होते, हे खरं आहे. पण ही इज्जत बहुतेक वेळा एकाच शब्दात उरकली जाते, 'बसा'. लग्नात देगीजवळ गेले की 'चाचा, तुम्ही बसा'. बाजाराची पिशवी उचलली की 'तुम्ही बसा'. जमातीच्या बैठकीत त्यांना पुढची खुर्ची असते, पण काम एकही नसतं. अब्बा सांगतात, मशिदीत शेवटच्या सफमध्ये खुर्च्या वर्षागणिक वाढताहेत. ज्याला खरंच उठवत नाही, त्याला दीनमध्ये सवलत आहेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दिवसाच्या फर्ज नमाजांच्या १७ रकाती, म्हणजे ३४ सजदे. इतक्या वेळा जमिनीपर्यंत जाऊन उठणारा माणूस आपल्या मांड्यांना, कमरेला आणि तोलाला रोज कामाला लावत असतो. हे स्नायू वापरले नाहीत तर उतारवयात भराभर झिजतात आणि मग वजूच्या ओल्या फरशीवर पाय घसरायला एवढंसं कारण पुरतं. खुब्याचं हाड मोडलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालताना मी क्वचितच पाहिलाय. लवकर खुर्ची देऊ करणारे हात प्रेमाचेच असतात, पण त्या प्रेमाचा हिशेब गुडघे चुकता करतात.

अब्बांना खुर्चीतून उठवलं ते एका अंगठ्यानं. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. असाच एका नोव्हेंबरात आपल्या दाखल्यासाठी अब्बा बँकेत गेले असताना आमच्याच मोहल्ल्यातली एक खाला खिडकीशी उभी होती. यंत्रावर ती अंगठा ठेवी, यंत्र नको म्हणे. दहाही बोटं झाली. शेवटी आतल्या माणसानं सांगितलं, बोटं जुळत नाहीत, पुढच्या आठवड्यात या.

जुळणार कशी? चाळीस वर्षं रोजच्या हजार-हजार विड्या. रात्री तेंदूची पानं भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, चिमटीत तंबाखू धरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. एवढं केल्यावर बोटांच्या रेषा कुठल्या राहायला? बोटं काचेसारखी गुळगुळीत झालेली असतात. म्हणजे जे काम करून ही पेन्शन मिळाली, त्याच कामानं ती मागण्याचा पुरावा पुसून टाकला.

आणि ही पेन्शन तरी केवढी! अब्बा आणि खाला दोघांचं वय कागदावर ५८ च. पण अब्बांचं निवृत्तिवेतन महागाई भत्त्यासह वाढत गेलं. विडी कामगार बाईला १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळतं ते किमान एक हजार, आणि हा किमान आकडासुद्धा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरला. त्याआधी याहून कमी घेणाऱ्या बायका होत्या. मी कितीतरी पासबुकं पाहिली, हजार-बाराशेच्या फार पुढं गेलेली रक्कम क्वचितच दिसली. (माझं स्वतःचं तर १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांत येतं. आम्हांला जुनी पेन्शन नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. तो विषय इथं वाढवत नाही.) त्या हजारात खालाच्या रक्तदाबाच्या गोळ्या येत होत्या. दाखला अडकला, पेन्शन थांबली, गोळ्याही थांबल्या.

अब्बांनी कागद वाचायला सुरुवात केली. शाळेत परिपत्रकं वाचून वाचून त्यांना ती सवय होतीच. बोट जुळत नसेल तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवता येते, हे त्यांनीच शोधलं आणि तसं यंत्र असलेल्या केंद्रावर खालाला घेऊन गेले. महिन्याभरात दारात चार बायका, पुढच्या वर्षी तीस. २०२१ च्या अखेरीस मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली, तेव्हा अब्बा अडुसष्ट वर्षांचे होते. भाच्याकडून त्यांनी ते दोन दिवसांत शिकून घेतलं. आधार क्रमांक, पीपीओ नंबर, बँकेचं खातं. मग खालाला उजेडाकडं तोंड करून बसवायचं, ओढणी कपाळावरून थोडी मागं, मोबाइल समोर, आणि पापणी मिटायची. पापणी मिटली की यंत्राला कळतं, हा फोटो नाही, जिवंत माणूस आहे. "आँख मारना पडता क्या मास्टरसाब?" म्हणून पहिल्यांदा ज्या हसल्या होत्या, त्या आता नवीन बाईला स्वतःच शिकवतात.

या पेन्शनचा दाखला आता वर्षात कधीही देता येतो, दिल्यापासून बारा महिने चालतो. पण बायकांच्या मनात नोव्हेंबर पक्का बसलाय. त्या महिन्यात आमच्या ओसरीवर जागा नसते.

अब्बा बदलले ते काही समाजसेवेच्या मोठ्या विचारानं नव्हे. कोणीतरी वाट पाहतंय, एवढं त्यांना पुरलं. फजरनंतर झोपणं बंद झालं. वही घातली, तिच्यात नाव आणि तारीख. साखर पूर्ण ताब्यात आली असं मी म्हणणार नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या जाऊ लागल्या, कारण दहा वाजता बायका यायच्या. छंद लावून घ्या, बागकाम करा, असं निवृत्तांना सांगतात. ज्याला जमतं त्यानं करावं. गुलाबाला पाणी घातलं नाही तर गुलाब तक्रार करत नाही, ही त्यातली अडचण आहे.

पण 'काम करत राहा' हे वाक्य खालाला सांगायची माझी हिंमत नाही. तंबाखूच्या धुळीनं तिची छाती भरलेली आहे. तिनं सूप खाली ठेवावं हीच माझी दुआ होती, आणि मुलगा कमावता झाल्यावर तिनं ते ठेवलंही. तरी दुपारी चार वाजता ती बुरखा घालून निघायची. शेजारणीच्या तयार विड्यांची टोपली डोक्यावर घेऊन कारखान्यात पोहोचवून यायची. सून चिडायची, लोक काय म्हणतील म्हणून. खाला मला म्हणाली, "हातां को छुट्टी मिली बेटी, पाँवां को नको." कारखान्याच्या पायरीवर तासभर नंबर लागेपर्यंत ज्या गप्पा व्हायच्या, तेवढंच तिचं बाहेरचं जग होतं. पुरुषाला मशिदीची पायरी आहे, चहाचं हॉटेल आहे. बाईला निवृत्त झाल्यावर जायला कुठलीच जागा आपण ठेवलेली नाही, याचा विचार आपल्या जमाती करतील का, मला शंका आहे.

आणि अम्मी? माझा भाऊ पुण्यात कोंढव्याला राहतो. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, नातवंडं आहेत. तो दरवर्षी म्हणतो, या. अब्बा म्हणतात, नोव्हेंबरनंतर बघू. नोव्हेंबर संपला की ज्यांचा दाखला परत आला त्यांचं काम निघतं, मग रमजान, मग शाळेचे दाखले. अब्बांचं भरलेलं, वाखाणलेलं म्हातारपण मी सगळ्यांना कौतुकानं सांगते. पण त्या ओसरीवर दिवसाला वीस-वीस कप चहा जातो, आणि तो उकळणारी बाई अडुसष्ट वर्षांची आहे. तिचे कुठलेच खांदे हलके झालेले नाहीत. तिला नातवंडांजवळ जायचं होतं, आणि हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात तिनंच ठरवलं. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते काढून ती पुण्याच्या गाडीत एकटी बसली. आयुष्यात पहिल्यांदा. अब्बा स्टँडवर सोडायला गेले आणि परत येऊन बराच वेळ ओट्याजवळ उभे राहिले. चहापत्तीचा डबा कुठला, हे त्यांनी मला फोन करून विचारलं.

नोव्हेंबर पार पडला. चहा पातळ होता अशी बायकांची एकमुखी तक्रार होती. त्यातल्या दोघी मग स्वतःच आत जाऊन करू लागल्या. अम्मी पंधरा दिवसांसाठी गेली होती. डिसेंबर संपत आला तरी तिनं परतीची तारीख सांगितली नव्हती, आणि अब्बांनीही विचारली नव्हती.