घोडीच्या पायांवर पाणी नको

चिखलात राबलेल्या घोडीचे पाय संध्याकाळी पाइपाने धुतले नाहीत तर ती कसली निगा, असं मी कैक वर्षं ठासून सांगत आलो. टाचेमागच्या केसांना कात्री लावायची नाही, घोड्याचा रुबाब त्यात असतो, हेही माझंच म्हणणं. आज दोन्ही बाबतींत माझं मत बदललंय.

इंदापूर तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो. पण नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात काळी माती, त्यात ऊस; वाटा वाळायचं नाव घेत नाहीत. आषाढात टाचेमागच्या खोलगट जागी केसांखाली खपल्या धरतात. वरून काही दिसत नाही, बोट फिरवलं की खरखर लागते. खपली सुटलीच तर तिला केसांचा पुंजका चिकटून येतो आणि खाली ओलसर, लालसर कातडी. माणसाच्या पायाला चिखल्या होतात, तशीच ही ओलीची बाधा. डर्माटोफिलस नावाचा जंतू ओल मिळाली की जागा होतो आणि मऊ पडलेल्या कातडीत शिरतो. म्हणजे रोजच्या धुण्याने त्याचीच सोय होते. वरून जळकं ऑइल चोपडलं तर ओल आत कोंडते.

हे डॉक्टरांनी समजावलं होतं. पटलं मात्र धनगरांच्या वाड्यावर. दिवाळीनंतर कोकणात उतरून पावसाच्या तोंडावर परतणाऱ्या त्यांच्या भीमथडी घोड्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड वाहतात, चिखल तुडवतात. पण मुक्कामी त्यांना मुरमाड चढावर बांधतात. चिखल वाळू देतात, मग गोणपाटाने झाडतात. पाणी फक्त पिण्यापुरतं.

निरोगी पायाचे केस मी आजही कापत नाही; पाणी त्यांच्या टोकांवरून निथळतं, टाचेत उतरत नाही. खपली दिसली की मात्र कात्री. शायर, क्लाइड्सडेल अशा विलायती झुपकेदार घोड्यांना त्याच केसांत कोरिऑप्टिस हा बारीक किडा होतो, घोडा सारखा पाय आपटतो. तिथेही केस काढल्याशिवाय औषध कातडीपर्यंत पोचत नाही. खपली कोरडी ओढू नये, जनावराला फार दुखतं. क्लोरहेक्सिडिनचं पातळ द्रावण लावून दहाएक मिनिटं थांबावं, मऊ झालेल्या खपल्या हलक्या हाताने सोडवाव्यात, धुवावं आणि फडक्याने टिपून पूर्ण कोरडं करावं. शेवटचं टिपणं चुकलं तर बाकीची मेहनत फुकट. पाय सुजला किंवा घोडा लंगडला तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना बोलवावं.

वारीत बेलवाडीला पालखीच्या रिंगणात अश्व धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती माणसं कपाळाला लावतात. त्या भक्तीपुढे मीही वाकतो. पालखीच्या वाटेवर ज्यांच्या दारी घोडा उतरतो, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पायांवर बादली ओतू नका. उंचवट्यावर जागा द्या, कोरडं गोणपाट द्या.