नळाला बिअर येते तो दिवस

विल्निया ही अगदी लहानशी नदी. विल्नियस या लिथुआनियाच्या राजधानीतल्या जुन्या शहराच्या कडेनं वळसे घेत ती नेरिसला जाऊन मिळते. तिच्या एका वळणात उझुपिस ही वस्ती आहे, एक चौरस किलोमीटरही न भरणारी. एरवी तिथला पूल कुणाला अडवत नाही. १ एप्रिलला मात्र त्याच पुलावर सीमारक्षक उभे राहतात आणि येणाऱ्याच्या पासपोर्टवर शिक्का उमटवतात. आत चौकात गेलं की त्या दिवशी नळाला पाणी नसतं, बिअर येत असते. पेला धरायचा, भरला की मागच्याला जागा द्यायची.

उझुपिस स्वतःला देश म्हणवतं, पण या देशाला कुठल्याही सरकारची मान्यता नाही. १९९७ साली १ एप्रिललाच काही कलावंतांनी उझुपिसचं प्रजासत्ताक जाहीर केलं आणि कवी, संगीतकार, चित्रपटकार असलेले रोमास लिलेइकिस राष्ट्राध्यक्ष झाले. तारीख पाहून लोक याला थट्टा समजतात. मला ती तशी कधीच वाटली नाही. लिथुआनियानं ११ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं, तेव्हा मॉस्कोनं इंधन तोडलं. जानेवारी १९९१ मध्ये विल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी निःशस्त्र माणसं सोव्हिएत रणगाड्यांसमोर उभी राहिली आणि मेली. देश मिळवायला काय मोजावं लागतं, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. अशाच माणसांना वाटलं असावं, की रक्त देऊन मिळवलेल्या देशाच्या कुशीत एक असाही देश असावा, जिथे कुणाला काही मोजावं लागणार नाही.

वस्तीही त्यांनी कुठली निवडली! युद्धापूर्वी इथे ज्यूंची घरं होती, बिऱ्हाडं नांदती होती. नाझींच्या काळात विल्नियसच्या हजारो ज्यूंना शहराजवळच्या पानेरियाईच्या जंगलात नेऊन मारलं. माणसं गेली, घरं उरली. सोव्हिएत वर्षांत कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. भिंती खचल्या, कौलं फुटली, ज्यांना शहरात दुसरीकडे थारा नव्हता ते इथे येऊन राहिले. मागून चित्रकार आले, शिल्पकार आले. तिथल्या बोळांतून चालताना जुन्या दारांवरून हात फिरवावासा वाटतो. इतक्या ओक्याबोक्या घरांच्या मधोमध सण मांडायला धीर लागतो, आणि मला या उत्सवाचा उगम त्या धीरात दिसतो.

पौपिओ रस्त्याच्या भिंतीवर या देशाची राज्यघटना लावली आहे, आरशासारख्या चकचकीत पत्र्यांवर, अनेक भाषांत. लिलेइकिस आणि तोमास चेपाइतिस यांनी ती १९९८ साली लिहिली. कुत्र्याला कुत्रा म्हणून जगण्याचा हक्क तिथे आहे. मांजरानं मालकावर प्रेम करावं अशी सक्ती नाही, पण अडीअडचणीला त्यानं मदत करायची आहे. फोटो काढणारे तिथेच रेंगाळतात. माझे पाय अडतात ते दुसऱ्या कलमाशी. गरम पाणी, हिवाळ्यात घरात ऊब आणि डोक्यावर कौलारू छप्पर, हे प्रत्येकाचे हक्क. हे बर्फात कुडकुडलेल्या माणसांनीच लिहावं. वाचता वाचता त्या पत्र्यात अक्षरांमागे आपलाच चेहरा दिसतो.

चौकात उंच खांबावर कर्णा फुंकणारा देवदूत आहे, २००२ साली बसवलेला. नळाभोवतीची गर्दी त्याच्याच आसपास दाटते. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात रांजण भरून पाणपोई घालतात. इथे एप्रिलात हवा बोचरी असते, कधी बर्फही पडतं, पण देण्याची रीत तीच. घेणाऱ्याचं नाव-गाव कुणी विचारत नाही. बिअर या मातीतलीच. उत्तरेला बिर्झाईच्या बाजूच्या खेड्यांत अजूनही जुन्या पद्धतीनं घरोघरच्या चवीची बिअर गाळतात. सोबतीला लसूण चोळलेली, तळलेली काळ्या राय-पावाची पट्टी असली की थंडी सोसवते.

आता उझुपिस महाग झालं आहे. पडकी घरं दुरुस्त होऊन सधन लोकांकडे गेली, आणि ज्यांनी हा देश मांडला त्यांच्यासारख्या आजच्या तरुण कलावंताला तिथे खोली परवडणं कठीण. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून तर त्या नळाची काळजी वाटते. उद्या कुणी त्याला तिकीट लावील, कुणी आपल्या कंपनीची पाटी टांगील. तसं होऊ नये. बाकी सगळ्याला भाव आला तरी वर्षातला तो एक पेला फुकटच राहावा, आणि तो भरून घ्यायला वस्तीतून उठून गेलेल्यांनी आधी यावं.