चिनी शिकायला शिआनच का?

सोलापुरात चादर-टॉवेलच्या धंद्यातल्या अनेक घरांत आता चीनमधल्या यंत्रांची चर्चा असते. यंत्र मागवायचे, सुटा भाग बिघडला तर विचारायचे, तर मध्ये दुभाषी लागतो. ते पाहूनच आमच्या लेकीने बी.कॉम.ची शेवटची परीक्षा संपताच सांगून टाकले, की उन्हाळी वर्गासाठी चीनला जाईन आणि चार आठवडे चिनी शिकेन. घरात तीन प्रश्न उभे राहिले. पैसे किती? खायचे काय? आणि मुलगी एकटी राहणार कशी?

आम्ही दोघेही शिक्षक. शिल्लक जेमतेम, त्यामुळे सगळे वहीत मांडूनच ठरवावे लागले. अशा प्रश्नाला तोंड देणारी घरे आणखीही असतील, म्हणून तो हिशेब इथे देत आहोत.

पहिली गोष्ट, नुसती फी पाहू नये. फी, खोली, जेवण, विमान, व्हिसा, विमा ही सगळी बेरीज करावी आणि तिला शिकवण्याच्या तासांनी भागावे. आठवड्याला २० तास असतील तर चार आठवड्यांचे ८० तास होतात, दोन आठवड्यांचे ४०. विमानाचे तिकीट मात्र दोन्ही वेळा तेवढेच. म्हणून दोन आठवड्यांचा ‘स्वस्त’ वर्ग तासामागे महाग पडतो. दुसरी गोष्ट, काही वर्गांत सहली, सुलेखन, व्यायाम यांतच दुपार जाते. ते छान असते, पण भाषेचे तास वेगळे मोजावेत. तिसरी, विद्यापीठाच्या स्वतःच्या वर्गाला थेट अर्ज केला तर मध्यस्थाचे पैसे वाचतात.

आता गाव कोणते? बीजिंगमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवण्यासाठी १९६२ साली स्थापन झालेले भाषा विद्यापीठ आहे. प्रमाण चिनीचे उच्चारही बीजिंगच्या बोलीवरच आधारलेले. पण राजधानीत राहण्याचा खर्च जास्त. शांघायचेही तसेच. तैपेईतले १९५६ पासूनचे भाषाकेंद्र नावाजलेले आहे, तिथे मोठी मशीदही आहे. मात्र तैवानमध्ये जुनी, जास्त रेघांची अक्षरे चालतात आणि चीनमध्ये सोपी केलेली. आमच्या लेकीला पत्रव्यवहार चीनच्या कारखान्यांशी करायचा होता. शेवटी बोट थांबले ते शिआनवर.

शिआन म्हणजे जुने चांगआन, तांग राजवटीची राजधानी. रेशीम मार्ग इथूनच पश्चिमेला निघायचा. त्याच वाटेने अरब आणि इराणी व्यापारी इथे आले, काही इथेच राहिले. चिनी बोलणाऱ्या मुसलमानांना ‘हुई’ म्हणतात. शहराच्या मधोमध १३८० साली बांधलेला नगारा-मनोरा आहे. त्याच्या पाठीमागे हुई मोहल्ला सुरू होतो. लेकीला पोहोचवायला गेलो तेव्हा पहिले आठ दिवस आम्हीही शिआनमध्ये होतो, आणि जेवणाचा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी सुटला. दुकानांच्या पाट्यांवर दोन अक्षरे शोधायची, ‘चिंग-चन’. शब्दशः अर्थ शुद्ध आणि खरे, व्यवहारात हलाल. ही दोन अक्षरे वर्गात जाण्याआधीच लेकीला पाठ झाली.

तिथला एक पदार्थ आपल्याला परका वाटणार नाही. ‘यांगरोउ फाओमो’. वाडग्यात जाड रोटी देतात. ती आपणच बोटांनी अगदी बारीक कुस्करायची, मग आचारी त्यावर मटणाचा रस्सा घालून देतो. शोरब्यात भाकरी कुस्करणाऱ्या सोलापूरकरांना वेगळे शिकवावे लागत नाही! तेवढी रोटी कुस्करायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि शेजारच्या बाकावरच्या आजी तेवढ्या वेळात गप्पा मारायला येतातच. हा भाषेचा तास फुकटचा.

मोहल्ल्यातली मोठी मशीद पाहिल्यावर आम्ही क्षणभर थबकलो. घुमट नाही. मनोऱ्याच्या जागी उतरत्या छपरांचा अष्टकोनी मजला. एकामागून एक अंगणे, झाडे, दगडी कमानी. परंपरा तिची सुरुवात ७४२ सालापर्यंत नेते. आजची बांधणी मुख्यतः मिंग काळातली, १३९२ पासूनची. चिनी मंदिरे सहसा दक्षिणेकडे तोंड करून असतात, ही मशीद मात्र पश्चिमेकडे, किब्ल्याकडे जाते. आत लाकडावर कुरआनच्या आयती कोरलेल्या आहेत.

इमामांना तिथे ‘आहुंग’ म्हणतात, म्हणजे आपले फारसी ‘आखुंद’. जोहरच्या नमाजला हुई लोकांत ‘पेशीन’वरून आलेला शब्द आहे, मगरिबला ‘शाम’वरून. एकमेकांना ते ‘तोस्ती’ म्हणतात, मूळ शब्द ‘दोस्ती’. त्यांच्याकडे चिनी भाषा अरबी अक्षरांत लिहिण्याचीही जुनी रीत आहे, तिला ‘श्याओ-अर-चिंग’ म्हणतात. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी मेजवानी कोणती?

भाषेबद्दल एक दिलासा. चिनीत तू (पोट) आणि थू (ससा) असा त-थ चा फरक असतो. प-फ, क-ख चाही तसाच. आपल्या जिभेला हे जन्मापासून येते. ‘ताइ च्येन’ असे काही पुस्तकांत लिहिलेल्या निरोपाच्या शब्दात पहिला उच्चार ‘चांगला’मधल्या च चा आहे आणि दुसरा जवळपास ‘चार’मधल्या च चा. मराठीत दोन्ही च आहेत. ‘नी हाओ’मधला ह उर्दूच्या ‘खे’कडे झुकतो, तोही आपल्याकडे आहे. अवघड आहेत ते सूर. ‘माइ’ खाली जाऊन वर आणला तर विकत घेणे, वरून झटकन खाली टाकला तर विकणे. व्यापाऱ्याच्या लेकीने हा फरक चुकवून चालत नाही, शिक्षकाच्याही नाही.

राहण्याचा प्रश्न विद्यापीठाच्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहाने सोडवला. अर्ज करतानाच खोलीची लेखी हमी, फी परतीचे नियम आणि एका वर्गातली संख्या विचारून घ्यावी. १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी ‘एक्स-२’ व्हिसा असतो, त्याला विद्यापीठाचे प्रवेशपत्र लागते. तिथे व्हॉट्सॲप आणि गुगल चालत नाही, तेव्हा घरच्यांशी बोलायची सोय निघण्याआधीच करावी. एक अडचण शिक्षकांसाठी: तिकडचे उन्हाळी वर्ग बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये, आणि आपल्या शाळा जूनमध्ये उघडतात. आमची त्या आठ दिवसांची रजा बिनपगारी होती, तीही वहीत धरली.

चार आठवड्यांत भाषा येत नाही, हे स्पष्ट सांगतो. लेक परत आली तेव्हा तिला दुकानात भाव करता येत होता, पाटी वाचता येत होती, आणि पुढचा अभ्यास एकटीने कसा करायचा ते कळले होते. आमच्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि जखमींवर उपचार करता करता चिनी शिकले. १९४२ साली तिथेच वारले. त्यांनीही भाषा माणसांत राहूनच मिळवली. म्हणून गाव निवडताना एवढेच पाहा, की वर्ग सुटल्यावर आपले मूल कुणाच्या बाकावर बसून जेवणार आहे.