उतरलेला खर्ज

गेल्या वैशाखात ताई वडोदऱ्याहून महिनाभरासाठी माहेरी आली होती. माहेर म्हणजे इंदूरच्या रामबागेतले आमचे जुने घर. आईवडिलांच्या मागे आता तेथे मी आणि सौभाग्यवती, दोघेच राहतो. एका संध्याकाळी मी मोठ्या हौसेने आईची कॅसेट लावली. १९८६ च्या गणपतीत आमच्याच ओसरीवर आई यमन गायली होती, तेव्हाचे ते ध्वनिमुद्रण. तिच्या गाण्याची एवढी एकच खूण आमच्यापाशी उरली आहे. ताईने डोळे मिटून दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाली, "अरे, खर्ज उतरलाय. आईचा तंबोरा असा कधीच नव्हता."

मला ते फार लागले. कॅसेट खराब झाली असावी या भीतीने मी ती तत्काळ थांबवली. आईचा आवाज थांबला, तंबोरा थांबला. खर्ज मात्र चालूच राहिला! आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो.

तो खर्ज विजेचा होता. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तिचे एकदिश विजेत रूपांतर होते, तेव्हा त्याच्या दुपटीची, म्हणजे १०० आंदोलनांची गुणगुण उमटते. आई काळी चारमध्ये गात असे. त्या पट्टीच्या तंबोऱ्यातला खर्ज सेकंदाला जवळजवळ १०४ आंदोलने करतो. १०० आणि १०४ एकत्र ऐकू आले, तर तयार कानाला तार किंचित उतरल्यासारखीच वाटणार. मी गेली कित्येक वर्षे हा बेसूर ऐकत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ताई गाणे शिकली, मी कोषालयात हिशेब तपासले, फरक तेवढाच.

निवृत्त माणसाला एकदा प्रकरण मिळाले की तो ते सोडत नाही. आरंभ मात्र मी चुकीचा केला. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून भारी किमतीचा स्टॅबिलायझर आणला. त्याचे काम विजेचा दाब सावरण्याचे. गुणगुणीशी त्याला कर्तव्य नव्हते. उलट दाब वरखाली झाला की ऐन आलापीत त्याचा 'खट्' असा आवाज येई. त्याच दुकानात सोन्याचा मुलामा दिलेली विजेची दोरीही दाखवण्यात आली. मैलोगणती तारांतून आलेली वीज शेवटच्या हातभर दोरीने शुद्ध होते, यावर माझा विश्वास बसला नाही. तेवढे पैसे वाचले.

सौभाग्यवतीच्या बोलण्यातून खरा धागा हाती लागला. धूळ पुसताना अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तिची जुनीच तक्रार होती. मी मुद्दाम हात लावून पाहिला. झिणझिणी तर आलीच, पण हात पत्र्यावर असेतो गुणगुणही कमी झाली. पाझरणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट नव्हती, ती माझ्या देहाने दिली होती. वायरमनला बोलावले. मीटर लावून तो म्हणाला, "साहब, तीसरा छेद तो खाली है." बोर्डातून निघालेली अर्थिंगची तार अंगणातल्या खड्ड्यापर्यंत गेली होती खरी, पण तेथे गंजून तुटली होती. खड्डाही कोरडा ठणठणीत पडला होता. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि नळीपासून सुटते. म्हणूनच जुने लोक खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून वरून पाणी घालीत. वडील दर उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात बादली ओतायचे, ते कशासाठी, हे मला आता कळले. लहानपणी मला वाटे, तुळस वाळल्यामुळे त्यांची नजर चुकते आहे.

नवी नळी बसली आणि झिणझिणी गेली. गुणगुण निम्मी झाली, पण उरलीच. दूरचित्रवाणीचा आवाज मोठ्या स्पीकरवर यावा म्हणून मुलाने एक तार जोडून ठेवली होती, आणि दूरचित्रवाणीला गच्चीवरच्या डिशची. तिकडे लोखंडी सांगाडा भिंतीत, इकडे नळी अंगणात. दोन ठिकाणच्या जमिनींत विजेचा किंचित फरक असतो आणि त्यामुळे आवाजाच्या तारेतूनच प्रवाह वाहू लागतो. ती तार काढताच खोली शांत झाली. पंख्याच्या नव्या रेग्युलेटरची करकर तेवढी राहिली. गाणे ऐकताना पंखा पुरता बंद ठेवतो. (काही जाणकार अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकायला सांगतात. गुणगुण जाईलही, पण पुढे कधी पत्र्यात वीज उतरली तर माणूसही जाईल. तसे कोणी करू नये.)

मग पुन्हा कॅसेट लावली. ताई पुढे सरकून बसली. आईचा खर्ज आता चोख होता. त्याच्याखाली मात्र एक अगदी बारीक गुणगुण अजून होती. कॅसेट सुरू झाली की ती येई, थांबली की जाई. म्हणजे ती आजच्या घरातली नव्हती; १९८६ साली माइकच्या तारेतून शिरलेली ती आमच्या ओसरीवरची वीज होती.

माझा भाचा संगणकात निष्णात. सुट्टीत आल्यावर त्याने कॅसेट संगणकात उतरवली आणि तेवढी १०० ची पट्टी कापून दाखवली. गुणगुण गेली, पण शेजारचा खर्जही तिच्यासोबत विरळ झाला. तंबोऱ्याची जणू चौथी तारच नव्हती. ताईने ती प्रत एकदाच ऐकली. "मघाशी खर्ज उतरलेला होता, आता तो नाहीसाच झालाय. होती तशी ठेव," ती म्हणाली.

वडोदऱ्याला परतताना तिने न कापलेली प्रत बरोबर नेली. स्टॅबिलायझर आता फ्रीजला लावला आहे. आणि उन्हाळाभर दर रविवारी अंगणातल्या त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतण्याचे काम माझ्याकडे आले आहे.